मेटल आणि गेम: दोन्हींचं वेड नीट कसं जोपासावं

हेवी मेटल ऐकायचंय, पण सुरुवात कुठून करू, असं शॉपमधली नवी पोरं मला विचारतात. मी आधी त्यांनाच विचारते, लहानपणी कॉम्प्युटरवर काय खेळायचात? उत्तर बहुतेक वेळा तेच येतं: रोड रॅश आणि व्हाइस सिटी. मग मी सांगते, तुमची सुरुवात केव्हाच झालीय, फक्त तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

मी भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे. मेटल आणि गेम माझ्याकडे एकत्रच आले, कराडच्या घरी, दादाने एकेक पार्ट गोळा करून जोडलेल्या पीसीवर. आजही मला ते वेगळे काढता येत नाहीत. आपण एखादी लेव्हल हरत हरत इतक्यांदा खेळतो की तिचा कोपरान्‌कोपरा पाठ होतो. मेटलचा अल्बमही असाच उघडतो. पहिल्यांदा नुसता गोंगाट, पाचव्यांदा त्यात रस्ते दिसायला लागतात. ज्याला गेमने ही चिकाटी लावली, त्याला मेटल कळणारच, याबद्दल मला शंका नाही.

ओळखीच्या गेमकडे परत जा

रोड रॅशची विंडोजवरची आवृत्ती १९९६ ची. शर्यतीआधी मेन्यूत जी गाणी वाजायची त्यांत साउंडगार्डन होता. काटेकोर बोलायचं तर तो सिएटलचा ग्रंज बॅंड, पण त्याच्या गिटारचं वजन सरळ मेटलच्या पहिल्या बॅंडच्या, ब्लॅक सॅबथच्या घरचं आहे. आपण 'स्टार्ट' दाबायच्या घाईत ते कधी पुरतं ऐकलंच नाही. आता ऐका.

खरा खजिना व्हाइस सिटीत आहे. हा गेम २००२ चा, पीसीवर २००३ मध्ये आला. कथा १९८६ सालात घडते, त्यामुळे गाडीतली रेडिओ स्टेशनंही त्याच काळातली आहेत. त्यातलं व्ही-रॉक लावा. आयर्न मेडन, ज्युडास प्रीस्ट, ऑझी ऑस्बर्न, मेगाडेथ, अँथ्रॅक्स, स्लेयर, सगळे एका स्टेशनवर. परवान्यांच्या भानगडीमुळे गेमच्या नंतरच्या आवृत्त्यांतून काही गाणी गळली आहेत, म्हणून कुणाकडे जुनी डिस्क असेल तर ती जपून ठेवा.

एकही मिशन घेऊ नका. व्ही-रॉकची यादी शोधून शेजारी ठेवा, एखादी गाडी घ्या आणि किनाऱ्याच्या रस्त्याने नुसत्या चकरा मारत राहा. गाणं वाजलं की यादीत खूण करा. पोचायच्या ठिकाणी पोचल्यावरही जे गाणं संपेपर्यंत तुम्ही गाडीतून उतरत नाही, तो तुमचा बॅंड. त्या गाण्याचा पूर्ण अल्बम मिळवा.

माझ्या बाबतीत तो बॅंड स्लेयर निघाला. ते गाणं त्यांच्या १९८६ च्या 'रेन इन ब्लड' अल्बममधलं शेवटचं. अख्खा अल्बम २९ मिनिटांच्या आत आटोपतो, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन होतो आणि अल्बमही होतो. शफल मात्र बंद ठेवा. गाण्यांचा क्रम बॅंडने विचार करून लावलेला असतो. लेव्हल चारनंतर लेव्हल एक कुणी खेळत नाही.

तुमची पिढी थोडी नंतरची असेल तर २००५ चा नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड आठवा. शर्यतीत जे वाजायचं त्यात मॅस्टोडॉन, बुलेट फॉर माय व्हॅलेंटाइन, अ‍ॅव्हेंज्ड सेव्हनफोल्ड, डिस्टर्ब्ड होते. तिथून निघालात तरी मुक्काम तोच.

पेटीवर तीन सूर

बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला आणि मेटलची जन्मतारीख म्हणून बहुतेक जण हीच धरतात. त्याचं पहिलं गाणं पाऊस आणि घंटेच्या आवाजाने सुरू होतं, मग गिटार येते. ती नुसती ऐकू नका, वाजवून बघा. त्यासाठी गिटार लागत नाही.

आमच्या सासूबाई भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांचीच पेटी घेऊन मी हे केलं होतं. मंद्र सप्तकातली पांढरी पाच दाबा आणि सोडू नका, सूर नीट पसरू द्या. मग मध्य सप्तकातली पांढरी पाच. मग या दोहोंच्या मधे येणारी काळी एक. सावकाश, एकेका सुरावर थांबत. पांढरी पाचला सा मानलं तर हे झालं सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारा छोटा तुकडा, एवढीच. पण त्या तिसऱ्या सुरावर थांबलात की अंगावर काटा येतो, कारण वाट पंचमाची असते आणि पंचम येतच नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, "अगं, प लाव की, सोडलास का मधेच?" मेटलमध्ये तो मुद्दाम सोडतात, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी स्वतः बसून तीनदा वाजवून पाहिलं. ज्या घरात पेटी आहे त्या घरात मेटल समजावणं अवघड नाही.

ही रिफ वाजवणाऱ्या टोनी आयोमीची गोष्ट मला फार जवळची आहे. सतरा वर्षांचा असताना तो बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. त्याचं नेहमीचं काम वेल्डिंगचं, पण प्रेसवरचा माणूस आला नव्हता म्हणून याला प्रेसवर बसवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. ज्याचं मशीन नाही त्याला मशीनवर बसवलं की काय होतं, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रोज सकाळच्या सेफ्टी टॉकमध्ये आम्ही तेच बोलतो.

पुढे त्याने भांड्यांच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दुखायच्या म्हणून पातळ तारा लावल्या. १९७१ च्या अल्बमपर्यंत तारा दीड सूर खाली उतरवल्या, त्याने ताण आणखी कमी झाला. ताण कमी झाला तसा आवाज जड आणि खोल झाला, आणि मेटलचा आवाज म्हणून जगाने पुढे तोच उचलला. ब्लॅक सॅबथचे मूळ चौघे ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर शेवटचे एकत्र वाजले आणि २२ जुलैला त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला. त्या आठवड्यात मी कामावरून आल्यावर पहिल्यापासून एकेक अल्बम लावत होते.

एकच गाणं, चार वेळा

गणपतीत पथक समोरून जाताना ढोलाचा ठोका आणि ताशाची तर्री आपण वेगळी ओळखतो, सगळं एकत्र कोसळत असलं तरी. मेटल ऐकताना कानाने हेच करायचं असतं.

पहिल्या वेळी फक्त ड्रम ऐका. खाली जो सलग गडगडाट येतो तो दोन पायांनी दोन पेडल मारून केलेला असतो. दुसऱ्या वेळी हेडफोनची एकच बाजू कानाला लावा, मग दुसरी. रिदम गिटार बहुतेक वेळा दोनदा रेकॉर्ड करून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवलेली असते. एकेक बाजू ऐकली की हाताची हालचाल कळते. आयर्न मेडनची ती घोडदौड, एक लांब आणि दोन आखूड, 'धा तिट धा तिट', अशीच पकडता येते. तिसऱ्या वेळी बास. मेडनमध्ये तो लगेच सापडतो, कारण स्टीव्ह हॅरिस बॅंड चालवतो आणि बासही. बाकी ठिकाणी शोधावा लागतो.

आवाजाकडे सगळ्यात शेवटी जा. नवखे लोक गुरगुरत्या आवाजाला अडखळून परत फिरतात, ते शब्द शोधत बसल्यामुळे. सुरुवातीला त्या आवाजाला एक तालवाद्य समजा. चौथ्या वेळी गाण्याचे शब्द समोर ठेवून वाचत ऐका, म्हणजे गाणारा नेमका कुठे श्वास घेतो तेही दिसेल. हा आवाज घसा ओरबाडून काढत नाहीत. मूळ स्वरतंतूंच्या वर आणखी एक जोडी पडद्यांची असते, ती थरथरवून तो येतो. न शिकता घरी करून बघू नका, घसा बसतो.

मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. अल्बम, साल, ड्रमर कोण, कुठल्या मिनिटाला काय आवडलं, एवढंच लिहिते. गेमचं पानही त्याच वहीत: कुठला बॉस कुठल्या गाण्यावर पडला. तुम्हीही ठेवा. दोन वर्षांनी उलटताना आपला कान कसा बदलत गेला ते तारखेवार दिसतं.

आवाज, वायर आणि डेसिबल

महागडा सेट लागत नाही, पण वायरचा हेडफोन घ्या. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो. नुसतं गाणं ऐकताना ते कळत नाही, पण तालावर गोळी मारायच्या गेममध्ये त्याने सगळं बिघडतं. 'बेस बूस्ट' नावाचं जे काही असेल ते बंद करा. त्याने बास गिटार आणि ड्रमचा पाय एकमेकांत मिसळून चिखल होतो. कॉम्प्युटरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये लाउडनेस समान करणारा पर्याय असतो, तोही संगीतासाठी बंद. हळू भाग हळूच राहिला पाहिजे, नाहीतर जोराचा भाग जोराचा वाटतच नाही.

आता ज्याबद्दल मी कुणालाही सवलत देत नाही ते. आमच्या प्रेस लाइनजवळ कानाला प्लग लावल्याशिवाय जाता येत नाही आणि दरवर्षी श्रवणचाचणी होते. तिथे शिकवतात तेच घरी लावा. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला जेमतेम पाव तास. करमणुकीच्या ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला याहून कडक आहे: ८० डेसिबल, आठवड्याला चाळीस तास. जे दिवसभर मशीनच्या आवाजात असतात त्यांचे कान संध्याकाळपर्यंत थकलेले असतात. मी कामाच्या दिवशी अर्ध्या आवाजाच्या वर जात नाही. मेटल कमी आवाजात ऐकलं तर मजा जाते, हे मला पटत नाही. चांगलं मिक्स, म्हणजे सगळी वाद्यं एकमेकांत नीट बसवलेली, कमी आवाजातही जड लागतं, आणि ज्या मिक्सला आवाज वाढवल्याशिवाय वजन येत नाही ते मिक्सच कच्चं.

मनगटांचंही तेच. पाऊण तासाला उठा, पाणी प्या, बोटं उघडबंद करा. मला दिवसभर मायक्रोमीटर आणि व्हर्नियर धरायचा असतो, म्हणून माउसची पकड मी मुद्दाम सैल ठेवायला शिकले. त्याने नेमही सुधारला.

खेळायचं काय आणि कसं

राक्षसांना गोळ्या घालायच्या डूम या गेमपासून सुरू करा, १९९३ च्या. त्याचा पहिला भाग तेव्हापासून फुकट वाटला गेलाय आणि कुठल्याही जुनाट लॅपटॉपवर चालतो. बॉबी प्रिन्सने त्याचं संगीत मिडीमध्ये केलं. मिडी म्हणजे तयार आवाज नव्हे, कुठला सूर कधी वाजवायचा याच्या सूचना. आवाज तुमच्या साउंड कार्डचा. त्यामुळे ज्याच्या पीसीत जे कार्ड, तसा डूम त्याने ऐकला. जीझेडडूम नावाच्या मोफत इंजिनमध्ये आवाजाच्या पर्यायांत जाऊन मिडी प्लेअर बदलता येतो. आधी जुन्या एफएम चिपसारखा आवाज लावून पहिली लेव्हल खेळा, मग एखादी चांगली साउंडफॉन्ट (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संच) लावून तीच लेव्हल. रिफ तीच, पण एकदा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी आणि एकदा अख्ख्या बॅंडसारखी. रिफ पक्की असेल तर ती कुठल्याही आवाजात उभी राहते, हे मला इथे कळलं.

क्वेक १९९६ चा, संगीत नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझ्नरचं. ते सीडीवर साध्या ऑडिओ ट्रॅकसारखं होतं. हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर कॉपी होत फिरलेल्या क्वेकमध्ये ते ट्रॅक येतच नसत, म्हणून आपल्याकडच्या कितीतरी जणांनी हा गेम संगीताशिवाय खेळलाय. २०२१ च्या नव्या आवृत्तीत ते आहे. रिफ नाहीत, नुसती घुसमट आहे. रात्री खेळा.

मग डूम २०१६. याच्यावर मी थांबणार आहे, कारण मेटल आणि गेम इथे जितके एकजीव झालेत तितके आधी कुठेच झाले नव्हते. त्याचा संगीतकार मिक गॉर्डनला सुरुवातीला सांगितलं होतं की गिटार नको. त्याने साधा साइन वेव्हचा सूर घेतला आणि विकृती आणणाऱ्या पेडलांच्या साखळ्यांतून फिरवून त्यातून गुरगुर काढली. नऊ तारांची गिटार नंतर आली. संगीत तुकड्यातुकड्यांनी बनवलेलं आहे आणि गेम ते तुकडे तुमच्या खेळण्याप्रमाणे जोडतो. खोलीत शिरलात की नुसती घरघर, राक्षस दिसले की ड्रम, तुम्ही तुटून पडलात की पूर्ण रिफ. आडोशाला उभं राहून खेळणाऱ्याला हे संगीत पुरतं मिळत नाही. म्हणून पळत राहा. तब्येत कमी झाली की मागे हटू नका, जवळ जाऊन हाताने मारा, त्यातूनच तब्येत मिळते. गोळ्या संपल्या तर करवत काढा, त्यातून गोळ्या. द गेम अवॉर्ड्समध्ये त्या वर्षीचा संगीत-ध्वनीचा पुरस्कार या गेमला मिळाला.

याच गेमच्या संगीतातल्या 'सायबरडेमन' या ट्रॅकची चांगल्या दर्जाची फाइल ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ट्रॅकच्या नावावर क्लिक करून वेव्हफॉर्मच्या जागी स्पेक्ट्रोग्राम निवडा आणि चित्र थोडं मोठं करा. आवाजाच्या पट्ट्यांमधे पंचकोनी तारा आणि ६६६ हा आकडा उमटलेला दिसेल. हे चित्र गॉर्डनने आवाजातच कोरून ठेवलं आहे. मी दुपारच्या चहाच्या वेळी आमच्या मेट्रॉलॉजीच्या मुलांना दाखवलं. रोज आलेख वाचणारी माणसं ती, खुर्च्या ओढून बसली. त्यातला एक जण आता दर शुक्रवारी नवा अल्बम मागतो.

हाताला ताल बसवायचा असेल तर मेटल: हेलसिंगर, २०२२ चा. गोळी तालावर मारली तरच पुरेपूर लागते. पहिलं काम, सेटिंगमध्ये जाऊन आवाज आणि पडद्याची कॅलिब्रेशन करा. हे न करता खेळून 'मला ताल नाही' म्हणणारे बरेच भेटलेत, आणि दरवेळी दोष उशिरा येणाऱ्या आवाजाचा होता. मग पहिली लेव्हल पाझ या बोलक्या कवटीने खेळा, ती ठेका धरायलाच आहे. मधोमध येणाऱ्या खुणांकडे टक लावू नका, स्नेअर ड्रमच्या कडक ठोक्यावर लक्ष ठेवा आणि पायाने ठेका धरा. फक्त गोळीच नाही, बाजूला झेप आणि बंदूक भरणंही तालावर करा. तुम्ही न चुकता खेळत गेलात की गुणक दुप्पट होत जातो आणि प्रत्येक टप्प्याला गाण्यात एकेक थर चढतो. सोळापट झालं की गाणारा येतो: सिस्टिम ऑफ अ डाउनचा सर्ज टँकियन, ट्रिव्हियमचा मॅट हीफी, लॅम्ब ऑफ गॉडचा रँडी ब्लाइथ, अलिसा व्हाइट-ग्लझ, जिंजरची तातियाना श्मायलुक. चुकलात की आवाज जातो. तातियानाचा आवाज मधेच तुटू नये म्हणून मी जितक्या एकाग्रतेने खेळले, तितकी एकाग्र दुसऱ्या कुठल्या गेममध्ये झाले नसेन.

ब्रूटल लेजंड २००९ चा, पीसीवर २०१३ मध्ये आला. बॅंडचं सामान लावणारा एक रोडी मेटलच्या जगात जाऊन पडतो अशी कथा, शंभराहून जास्त गाणी. तिथले डोंगरदऱ्या अल्बमच्या कव्हरांवरून उचललेल्या वाटतात. ऑझी, रॉब हॅलफर्ड, लिटा फोर्ड आणि मोटरहेडचा लेमी यांनी स्वतः आवाज दिलेत. लेमी तिथे बासच्या सुरांनी जखमा बऱ्या करतो. पुढे सैन्य हलवायचे भाग येतात, तिथे लोक कंटाळून सोडतात. सोडू नका, वर उडत राहून हुकूम द्या, जमतं. मारामारीच्या गेमची आवड असेल तर जपानी गिल्टी गियर बघा. त्यात टेस्टामेंट, व्हेनम, स्लेयर नावाची पात्रंच आहेत. ज्याच्या नावावर मन बसेल त्याचा बॅंड ऐका.

डूम आणि हेलसिंगर मोठ्यांसाठी आहेत. माझी मुलगी अजून लहान आहे, ती माझ्या शेजारी बसून १९९३ चा रॉक एन रोल रेसिंग खेळते. गाड्यांची शर्यत आणि मागे चिपवर वाजणारं ब्लॅक सॅबथ. तिला ती धून पाठ आहे.

बॅंडकडून गेमकडे

वाट उलटीही चालते. इंग्लंडच्या बोल्ट थ्रोअरने आपलं नाव वॉरहॅमर या टेबलावर खेळायच्या युद्धाच्या गेममधल्या शस्त्रावरून घेतलं, आणि १९८९ च्या त्यांच्या अल्बमवर तो गेम बनवणाऱ्या कंपनीचीच चित्रं आहेत. स्वीडनचा मशिने सुप्रीमसी कमोडोर ६४ या जुन्या कॉम्प्युटरच्या ध्वनिचिपचा आवाज गिटारबरोबर वाजवतो. ड्रॅगनफोर्सचं एक भन्नाट वेगाचं गाणं २००७ च्या गिटार हीरो ३ मध्ये शेवटी येतं आणि त्या गेममुळे बॅंड घराघरांत पोचला. इतिहासाचे स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांनी सॅबॅटन लावावा. त्यांची गाणी लढायांवरची आहेत, आणि हार्ट्स ऑफ आयर्न ४ मध्ये तर ती गेमसाठी वेगळी विकत मिळतात.

आपल्याकडचं विसरू नका. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये 'दशावतार' नावाचा अल्बम केला, एकेका अवतारावर एकेक गाणं, मत्स्यापासून. गोष्ट आधीच ठाऊक असल्यामुळे गुरगुरत्या आवाजाची सवय लावायला मराठी माणसाला याहून चांगला अल्बम नाही. मुंबईचेच भयानक मौत, गटस्लिट आणि स्क्राइब ऐका. दिल्लीचा ब्लडीवुड ढोल आणि गिटार एकत्र आणतो.

यांची गाणी शक्यतो बॅंडकॅम्प या वेबसाइटवरून विकत घ्या, पैसे बऱ्यापैकी थेट बॅंडला जातात. गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात रुपयांत मिळतात. मला हवा असलेला गेम मी यादीत टाकून ठेवते आणि सेल लागला की घेते. माझे आवडते बहुतेक गेम असेच आलेत.

गिगला जाताना

१ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडनने आपला जगभरचा दौरा मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक आणि बॅंडचं विमान त्यानेच चालवलं. त्याच्या कितीतरी आधी धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकच्या गर्दीत आपल्या बॅंडनी पाय रोवले होते. म्हणून मोठा परदेशी बॅंड येईल तेव्हाच जाऊ, असं म्हणून बसू नका. दीडशे माणसांच्या खोलीत स्थानिक बॅंड ऐकण्यात जी धग आहे ती मैदानात नाही.

कानाचे प्लग खिशात ठेवा, फोमचे असले तरी चालतील, आणि पहिल्या गाण्याआधी लावा. आवाज सगळ्यात नीट लागतो तो मिक्सिंगच्या टेबलाजवळ. मी तिथेच उभी राहते. बायकांना तिथे जागाही मोकळी मिळते आणि गर्दीचा लोट आला तर आडोसा असतो. बुटांच्या नाड्या आत खोचा, चष्म्याला दोरी लावा. मधल्या पिटमध्ये, म्हणजे लोक एकमेकांवर आदळत नाचतात त्या घोळक्यात, शिरायचं असेल तर खिसे रिकामे करून शिरा, आणि कुणी पडलं तर सगळं सोडून आधी त्याला उठवा. हा नियम सगळीकडे पाळतात, मी तो मोडलेला पाहिला नाही. डोकं घुसळताना मानेतून झटका देऊ नका, कमरेतून वाका आणि मान सैल सोडा. आधी घरी एखाद्या मध्यम लयीच्या गाण्यावर सवय करा.

दोन बॅंडच्या मधल्या वेळात पाणी प्या आणि परतीची गाडी कशी ते ठरवून ठेवा. आम्ही पिंपरीहून चार-पाच जण एकच गाडी करून जातो, ड्रायव्हर ठरलेला आणि त्याने प्यायची नाही. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली तर आठवडाभर हेडफोन बंद, आणि तरी थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरकडे.

टी-शर्ट रस्त्यावरून घेऊ नका, त्यातला एक पैसाही बॅंडला पोचत नाही. गिगच्या दाराशी बॅंडचं टेबल असतं, बरेचदा बॅंडमधलंच कुणीतरी बसलेलं असतं. तिथून घ्या, दोन शब्द बोला, कुठलं गाणं आवडलं ते नाव घेऊन सांगा. आणि आत शिरतानाच घ्या, कारण स्मॉल आणि मीडियम पहिल्या तासात संपतात.